मांजर पायात घोटाळतं पण उचललं की चावतं – आधीच्या घरात झालेल्या त्रासामुळे असेल का?

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी, इथे मांजरवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतेय, जरा लांबेल.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे चिंगी आली. वय अंदाजे तीन वर्षं, साधी देशी, पांढरी आणि पाठीवर करडे पट्टे. आधीच्या घरची माणसं मुंबई सोडून गेली आणि तिला चाळीच्या जिन्यातच ठेवून जायला निघाली होती म्हणून आम्ही घेऊन आलो. घरात पटकन रुळली. सकाळी पायात घोटाळते, रात्री माझ्या पायथ्याशी झोपते, मांदेली साफ करायला घेतली की ओट्याखाली हजर. पण उचलायला गेलं की अंग एकदम ताठ, घशातून खर्जातला आवाज, आणि तरी सोडलं नाही तर थेट दात. मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या मनगटाला चावली.

तिच्या आधीच्या शेजारणीकडून कळलं ते असं, की तिथली मुलं तिला पोटाशी आवळून अख्ख्या गॅलरीत फिरवायची, दर महिन्याला मोरीचं दार लावून नळाखाली आंघोळ घालायचे, आणि एकदा कुठल्याशा दवाखान्यात दोघांनी मानगूट धरून टेबलावर दाबून धरलं होतं तेव्हा तिने तिथेच शी-शू केली. आता आमच्याकडे कोणी हात उगारलेला नाही की ओरडलेलं नाही, तरी हे आहेच. सासूबाई म्हणतात मांजराची जातच ती, कोणाची होत नाही. मला पटत नाही कारण जवळ तर ती स्वतःहून येते ना?

प्रश्न दोन. हे कधी कमी होईल का, आणि लसीकरणाला न्यायचंय, नख्या पडद्यात अडकतायत, तर तोपर्यंत काय करू?

चहाबिस्कीट

आमचा बोका पण सेम. उचलणं सोडून दिलं, दोघं सुखात आहोत. पण दादांच्या मनगटाचं काय केलंत? इंजेक्शन घेतलं ना?

गिरगावकरीण

हो हो, लगेच साबणाने धुतलं आणि त्याच दिवशी पहिला डोस घेतला.

डॉक्टरीण_बोरिवली

मी व्हेट आहे. चहाबिस्कीट यांनी विचारलं ते बरं केलं, कारण घरातलंच मांजर आहे म्हणून लोक सोडून देतात. चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि अँटी रेबीजसाठी डॉक्टर गाठायचा, हळद-चुना काही लावायचं नाही. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून भोक बारीक दिसतं आणि आत पू होतो. हात सुजला, लाल झाला तर थांबायचं नाही.

चिंगीबद्दल बोलायच्या आधी एक. उचलल्यावर चावणारं मांजर माझ्याकडे आलं की मी आधी दुखणं शोधते, इतिहास नंतर. कंबर, कोपर, गुडघे, दात, कान, लघवीचा त्रास, पोटावर जुनी इजा. मांजर सहसा लंगडत नाही, ते फक्त कमी उड्या मारतं आणि हात लावू देत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्सरे तपासले होते, त्यातल्या ९० जणांच्या सांध्यांमध्ये झीज दिसली. चिंगी तरुण आहे म्हणून संधिवाताची शक्यता कमी, पण ज्या मांजराला मुलांनी वर्षानुवर्षं पोटात आवळून उचललंय तिची पाठ आणि बरगड्या एकदा नीट बघायला हव्यातच. दुखणं आणि भीती एकमेकांना धरून असतात, उचललं तेव्हा दुखलं असेल तर नंतर दुखायचं थांबलं तरी उचलणं म्हणजे दुखणं हे डोक्यात बसलेलं असतं.

आणि घरातली क्रोसिन वगैरे चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

जुना_मुलुंडकर

गिरगावकरीण ताई, राग मानू नका पण तुमच्या सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. चाळीस वर्षं घरात मांजरं आहेत. एकाच वीणीतली चार पिल्लं, एकाच पलंगाखाली वाढलेली, एक मांडीवरून हलायचं नाही आणि एक मरेपर्यंत हाताला लागलं नाही, कोणी कोणाला मारलं नव्हतं. हल्ली प्रत्येक गोष्टीला भूतकाळातला छळ चिकटवायची सवय लागलीय. मांजराला स्वभाव असतो एवढं साधं का मान्य करू नये?

परळ_फीडर

काका, तुमचं निरीक्षण बरोबर आहे पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे असं मला वाटतं. मी लालबाग-परळ पट्ट्यात रस्त्यावरच्या मांजरांना खाणं घालते आणि नसबंदीसाठी पकडून नेते, त्यामुळे हात न लावू देणारी मांजरं रोजच बघते. लांबून बघितलं तर सगळी सारखीच दिसतात, कान मागे, फिसकारणं. पण आत तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली तुम्ही म्हणता तीच, स्वभाव, आणि त्यात बापाचा वाटा असतो हे अभ्यासात दिसलेलं आहे. सँड्रा मॅक्यून यांचा १९९५ चा अभ्यास आहे, माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं आणि तुसड्या बोक्याची पिल्लं अशी तुलना केली. बोके पिल्लांना वाढवत नाहीत, म्हणजे शिकवलं म्हणून नाही, रक्तातूनच आलं. धीट बापाची पिल्लं अनोळखी वस्तूलाही कमी बिचकत होती. तुमच्या वीणीतली चार पिल्लं चार बोक्यांची असू शकतात हेही लक्षात घ्या, मांजरांमध्ये ते सर्रास होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अनुभवच नसणं. पिल्लू साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत माणूस म्हणजे काय ते शिकतं. आयलीन कार्श म्हणून अमेरिकेतल्या संशोधक होत्या, त्यांनी १९८० च्या दशकात पिल्लांना रोज १५ मिनिटं आणि रोज ४० मिनिटं असं हाताळून बघितलं, ४० मिनिटंवाली माणसाकडे लवकर यायची आणि मांडीवर जास्त टिकायची. गटाराच्या झाकणाखाली, मीटरच्या खोलीत वाढलेलं पिल्लू दोन-तीन महिन्यांचं होऊन बाहेर येतं तेव्हा ही खिडकी बंद होत आलेली असते. त्याला कोणी मारलेलं नसतं, त्याला माणूस माहीतच नसतो. काका, पलंगाखालचं तुमचं चौथं पिल्लू बहुतेक असंच, आईने मागच्या कोपऱ्यात ठेवलेलं आणि कोणाच्या हाती न लागलेलं.

आणि तिसरी चिंगी. ही माणसाकडे येते, पायाला घासते, पायथ्याशी झोपते. न माणसाळलेलं मांजर हे करत नाही. म्हणजे तिला माणूस माहीत आहे, आवडतो सुद्धा, फक्त माणसाच्या हातांनी काय होतं ते तिने वाईट पद्धतीने शिकलंय. म्हणून तिची भीती सगळीकडे पसरलेली नाही, ठरावीक जागी आहे. दोन हात वरून खाली आले की पुढे आवळणं, नळ, नाहीतर टेबल, असा तिचा हिशोब आहे आणि तिच्या आयुष्यापुरता तो खरा ठरलेला आहे. गर्दीच्या लोकलमध्ये मागून कोणाचा हात लागला की बाई दचकते ना, आधी वळून बघत नाही की हा हात सज्जनाचा आहे का, आधी दचकते. तसंच.

जुना_मुलुंडकर

बापाचा मुद्दा मला माहीत नव्हता. चार बोके ही शक्यता नाकारता येत नाही, आमच्या गल्लीत कमी नव्हते. वाचतोय.

वर्सोव्याची

परळ ताईंनी ठरावीक जागेची भीती म्हटलं त्यावरून आमच्या भाटीचं सांगते. आमच्या इथे तिला कोणीतरी पोत्यात घातली आणि लांबच्या मासळी बाजारात सोडून आला. ती आली परत, कशी आली ते तिलाच ठाऊक, पाय सोलवटलेले, हाडं दिसत होती. आमच्या दारात लहानाची मोठी झालेली मांजर, आमच्या हातची, तरी त्यानंतर तांदळाचं पोतं उघडलं की माळ्यावर, प्लॅस्टिकची गोणी कोपऱ्यात सळसळली तरी माळ्यावर. पण बसल्या जागी मी एका हाताने गाल खाजवला तर डोळे मिटून घ्यायची, आधीसारखीच. फक्त दोन हात एकत्र दिसले की गेली. म्हणजे तिला मी नको नव्हती, तिला ते धरणं नको होतं.

लोक ह्याला घालवणं म्हणतात. आपल्या दारातला उपद्रव गेला, झालं. त्या जिवाचं पुढे काय होतं ते बघायला कोणी थांबत नाही, मला अजून चीड येते लिहिताना.

परळ_फीडर

चीड यायलाच हवी. आणि असं सोडून येणं बेकायदा आहे हेही लोकांना सांगत जा, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं गुन्हा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे नुसतं वाचून दाखवलं तरी बरेच जण गप्प होतात.

गिरगावकरीण

पोत्याचं वाचून एकदम डोक्यात आलं. बादलीत नळ सोडला की चिंगी कपाटावर जाते आणि पाणी बंद होईपर्यंत उतरत नाही. आम्हाला वाटायचं आवाजाला घाबरते, पण मिक्सरला काही नाही, कुकरच्या शिट्टीला नाही, खालून ढोल-ताशा गेला तरी खिडकीत बसून बघते. फक्त बादली. आणि नवऱ्याने खांद्यावर टॉवेल टाकला असेल तर त्याच्या वाटेला जात नाही. चावली तेव्हा तो आंघोळ करून आला होता, टॉवेल खांद्यावर होता आणि मागून दोन्ही हातांनी उचललं होतं. सगळंच एकत्र जमलं की.

डॉक्टरीण_बोरिवली

हे फार उपयोगाचं निरीक्षण आहे, लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एकेक गोष्ट तिने सोसली असती, तिन्ही एकावर एक आल्या की दात.

आंघोळ पूर्ण बंद. निरोगी मांजराला लागत नाही, जीभ पुरते. पिसवा झाल्या तर मानेवर टाकायचं मांजरासाठीचंच औषध घ्या, कुत्र्याचं उरलेलं वापरू नका, त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन जीव जातो.

आता हात. आपण उलटं करतो, मांजर जवळ आलं की लगेच पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवतो. बहुतेक मांजरांना गाल, हनुवटी, कानाच्या बुडाशी आवडतं आणि शेपटीच्या मुळाशी, पोटावर नको असतं. तुम्ही खाली बसा, हात तिच्या नाकाच्या पातळीला ठेवा, बंद मूठ किंवा एक बोट, आणि थांबा. तिने येऊन गाल घासला तर तीन-चार सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. पुन्हा डोकं पुढे आणलं तर पुन्हा. नाही आणलं तर आजचं संपलं, पाठलाग करायचा नाही. शेपटीचं टोक आपटायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले, किंवा खाजवता खाजवता मान झटकन हाताकडे फिरवली तर हात आधीच बाहेर हवा. नॉटिंगहॅम ट्रेंट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२१ मध्ये लंडनच्या एका शेल्टरमधल्या १०० मांजरांवर हेच करून बघितलं, माणसांना थोडा वेळ शिकवलं की मांजराला निवड द्या, लक्ष द्या, हात कुठे लावायचा ते बघा. तीच मांजरं कमी चिडली आणि जास्त जवळ आली. मांजरं तीच, माणसांची पद्धत बदलली एवढंच.

बोकेवाला_दादर

पण मॅडम फिसकारल्यावर हात काढला तर ते शिकणार नाही का, की फिसकारलं की सुटका होते? माझा भाऊ सांगतो धरून ठेवायचं, दमलं की शांत होतं, मग सोडायचं. त्याच्या बोक्याला तसंच केलं, आता निपचित पडून राहतो, काही करत नाही.

डॉक्टरीण_बोरिवली

निपचित पडणं म्हणजे शांत होणं नव्हे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग जमिनीला चिकटलेलं, श्वास वरचेवर, शेपटी पोटाशी, हे हार मानलेलं जनावर आहे. तुमच्या भावाला हे नक्की सांगा. पूर्वी आम्हालाही मानगूट धरून आवरायचं शिकवायचे, आई पिल्लाला तशीच धरते असं सांगून. आई तिच्या अगदी लहान पिल्लाला तोंडाने उचलते, चार किलोच्या मोठ्या बोक्याला कोणी तसं उचलत नाही. २०२२ मध्ये मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मानगूट धरू नका असंच आहे.

आणि फिसकारून सुटका होते हे तिला शिकू द्याच. फिसकारणं ही सूचना आहे. ती ऐकली गेली तर तिला चावायची गरज उरत नाही. जे मांजर न फिसकारता एकदम चावतं ना, त्याच्या सूचना कोणीतरी बरीच वर्षं ऐकलेल्या नसतात.

बोकेवाला_दादर

कळलं. भावाला हा धागा पाठवतो.

चहाबिस्कीट

पण न उचलता दवाखान्यात न्यायचं कसं? टॅक्सीवाला पण थांबत नाही मांजर दिसलं की.

परळ_फीडर

उचलायचंच नाही. कॅरियर आजच घरात आणून ठेवा, दार काढून टाका, आत तिची झोपायची गोधडी टाका, खोलीच्या कोपऱ्यात नेहमीच्या सामानासारखा पडू द्या. खाणं आधी कॅरियरच्या बाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत. आत जाऊन झोपायला लागली की दार लावायचं, खाऊ द्यायचा, दार उघडायचं. मग दार लावून उचलून गॅलरीपर्यंत आणि परत. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि घाई करायचा मोह होतोच कारण लसीची तारीख जवळ येते. कॅरियर वरून उघडणारा घ्या, दवाखान्यात तिला ओढून काढायला नको, वरचा भाग काढला की ती गोधडीवर बसल्या बसल्या तपासता येते. टॅक्सीत वरून चादर टाका. आणि चिंगीसाठी टॉवेल वापरू नका, बाकीच्या मांजरांना गुंडाळायला टॉवेल चांगला असतो पण हिला नाही, तुमची ओढणी घ्या, तिला तुमचा वास ओळखीचा.

डॉक्टरीण_बोरिवली

बरोबर. अजून एक, जायच्या आधी डॉक्टरांशी फोनवर बोला, घाबरणाऱ्या मांजरांसाठी घरून निघायच्या आधी द्यायचं गॅबापेंटिन नावाचं भीती कमी करणारं औषध असतं, पण ते डॉक्टरांनी वजन बघूनच द्यायचं. गर्दी नसलेली वेळ मागा, कुत्र्यांच्या रांगेत बसवू नका. घरी येणारा व्हेट मिळाला तर लसीपुरतं तेही बघा, पण तपासणी तिच्या झोपायच्या जागी नको.

नख्या एकदम सगळ्या कापायच्याच असं काही नाही. ती पेंगुळलेली असताना एक नखी, खाऊ, संपलं. दुसरी उद्या नाहीतर परवा. तोवर दोरी गुंडाळलेला खांब ठेवा, पडदे वाचतील.

वर्सोव्याची

परवडायचा प्रश्न असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, १८८३ पासूनचं, आणि त्याच आवारात १८८६ ला सुरू झालेलं व्हेटर्नरी कॉलेज पण आहे. गिरगावहून लांब नाही. फक्त जनावरांची गर्दी असते, तेव्हा घाबरट मांजराला सकाळी लवकर नेलेलं बरं.

गिरगावकरीण

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, तुम्हा सगळ्यांचे आभार मानायचे होते.

चिंगी कॅरियरमध्ये स्वतः जाऊन झोपते आता, उलट गोधडी धुवायला काढली तर रागावते. लस झाली. डॉक्टरांनी वरचं झाकण काढून, ओढणी अर्धी अंगावर ठेवूनच तपासलं, आवाज काढला पण चावली नाही. पाठीला काही नाही, मात्र मागच्या एका दाढेच्या हिरडीला चांगलीच सूज आहे, त्याचे उपचार सुरू केलेत. डॉक्टर म्हणाले त्या बाजूने गाल चोळला तर दुखत असणार. डॉक्टरीणबाई, दुखणं आधी शोधा हे तुम्ही म्हणाला नसतात तर आम्ही सगळं आधीच्या घरावरच ढकललं असतं.

उचलून घेणं अजून नको आहे तिला. आम्ही ठरवलंय उचलायचंच नाही. नवरा आता तिच्याजवळ जाताना टॉवेल बाथरूममध्येच ठेवून येतो, आणि बादली भरायच्या आधी मोरीचं दार लावून घेतो. परवा टीव्ही बघताना त्याच्या मांडीवर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहिली, त्याने हात हलवला नाही, तर बसली. सासूबाईंनीही बघितलं, काही म्हणाल्या नाहीत, पण नंतर बोंबलाचा तुकडा त्यांनीच टाकला तिला.

आता काळजी दिवाळीची. भाचा येतोय, सहा वर्षांचा, त्याला मांजर कडेवर घ्यायचीच आहे, फोनवर रोज विचारतो. आणि वर फटाके.

डॉक्टरीण_बोरिवली

छान बातमी. हिरडीच्या गोळ्या मध्येच थांबवू नका, आणि बरी वाटली तरी दाखवायला न्या.

भाच्यासाठी नियम आधीच ठरवा आणि त्याच्या आईलाही सांगा. चिंगी कपाटावर, पलंगाखाली किंवा कॅरियरमध्ये असेल तेव्हा कोणीही हात घालायचा नाही, ती तिची जागा. त्याला जमिनीवर बसवून हातात दोरीला बांधलेलं पीस द्या, ओढून खेळवायला, मुलांना उचलण्याऐवजी करायला काहीतरी लागतं. हात लावायचा तो एका बोटाने, सुजलेल्या बाजूचा गाल सोडून, आणि मोठं माणूस शेजारी असतानाच. ती उठून गेली की गेली. चिंगीला कडेवर घ्यायचं नाही हे त्याला आजच फोनवर सांगा, आल्यावर सांगितलं तर रडारड होईल.

फटाक्यांच्या रात्री आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू, कॅरियर उघडा, पाणी आणि मातीचा ट्रे तिथेच. त्या दोन-तीन दिवसांत नख्या, औषध लावणं असलं काही नवीन करू नका.

चहाबिस्कीट

वरून उघडणारा कॅरियर कुठून घेतलात? मला पण हवाय.

गिरगावकरीण

क्रॉफर्ड मार्केटमधून. झाकणाच्या चारही कड्या दुकानातच उघडून बघा, आम्हाला दाखवलेल्या पहिल्याची एक तुटकी होती.